नेम आणि त्याचे फळ

ध्यानाचा लाभ कोणता, असे विचारले म्हणजे दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ध्यान हे सर्व रोगांवरचे औषध आहे. त्याने दुखणी पळतात, अडलेली कामे मार्गी लागतात, दैवसुद्धा पालटते. दुसरा पक्ष म्हणतो, डोळे मिटून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. ज्याला पोटामागे धावावे लागते त्याला ही चैन परवडणार नाही. दोन्ही पक्षांचा आवाज मोठा आहे. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे हा नेम खरोखरच चालवला, त्यांची साक्ष घेतली तर ती या दोहोंहून निराळी निघते.

ती साक्ष मिळवण्यासाठी हिमालयाच्या गुहा धुंडाळण्याचे कारण नाही. बेळगावच्या दक्षिणेला खानापूर, उत्तरेला निपाणी आणि पूर्वेला कृष्णा-भीमेच्या काठचा मुलूख, एवढ्या टापूत ती हवी तेवढी सापडते.

खानापूर तालुका पावसाचा आणि रानाचा. कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा उगम पावते, खानापूरजवळ असोग्याला रामलिंगाच्या पायाशी येते, आणि मग पूर्वेची वाट धरून कानडी मुलखात कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. मृगापासून पुढे तीन-चार महिने येथील भातशेतीचा शेतकरी चिखलात उभा असतो. त्याला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत उसंत नसते. तरीही येथील मराठी खेड्यांत वारकरी संप्रदायाची मुळे खोल गेलेली आहेत. ज्ञानेश्वरीची पारायणे, हरिनामाचे सप्ताह, एकादशी, सायंकाळचा हरिपाठ आणि पंढरीची वारी यांनी गावाचे वर्ष बांधलेले असते. अशा गावात एखाद्या वृद्ध गृहस्थाविषयी बोलताना लोक त्यांना योगी म्हणत नाहीत की ध्यानी म्हणत नाहीत. ‘त्यांचा नेम आहे’ एवढेच म्हणतात. या साध्या शब्दात मोठा अर्थ आहे. त्या गृहस्थांना डोळे मिटल्यावर काय दिसते, काय ऐकू येते, याची चौकशी त्यात नाही. ते चुकवत नाहीत, एवढेच त्यात सांगितले आहे. ध्यानाच्या लाभाचे सारे रहस्य या न चुकवण्यात साठवलेले आहे, असे अनुभवी माणसे सांगतात.

या प्रदेशाचे दुसरे वैशिष्ट्य असे की येथील साधनामार्गाचे अनेक थोर पुरुष संसारी आणि उद्योगी होते. बाळेकुंद्रीचे पंतमहाराज (१८५५–१९०५) बेळगावात शिक्षकाचे काम करीत असत. उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे देशपांडे घराण्यातले. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील उमदी हे त्यांचे गाव, तर इंचगेरी हे त्यांचे पीठ विजापूरकडे. त्यांचे गुरू निंबर्गीचे महाराज. त्यांचा उपदेश कानडीत. शिष्यपरंपरा मात्र मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांतून वाढली. ज्या सीमेवरून माणसे पुढे इतकी भांडली, त्या सीमेची या नामस्मरणाला कधी अडचण वाटली नाही. श्वासाबरोबर चालणाऱ्या नामाला कोणत्या भाषेच्या शाळेत घालावे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

भाऊसाहेब महाराजांच्या या एकाच परंपरेतून दोन अगदी भिन्न प्रकृतीची माणसे पुढे आली. एक विद्यापीठाचे कुलगुरू, दुसरे विड्यांचे दुकानदार. दोघांचेही आयुष्य लोकांच्या नजरेसमोर गेले. म्हणून नियमित ध्यानाने माणसाच्या पदरात काय पडते, हे पाहण्यास त्यांच्याइतकी चांगली उदाहरणे मिळणे कठीण.

पहिले रामचंद्र दत्तात्रेय रानडे, ज्यांना लोक गुरुदेव रानडे म्हणून ओळखतात. त्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीचा. १९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. पुढच्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एवढी कथा ऐकून कोणी म्हणेल, पाहा, नामाने परीक्षेत यश आले! पण पुढची हकीकत ऐकल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये. १९०७ मध्ये बी. ए. झालेल्या या बुद्धिमान विद्यार्थ्याला एम. ए. होण्यास १९१४ साल उजाडले. मधल्या काळात एका गंभीर दुखण्याने त्यांना असे गाठले की अभ्यास तर राहोच, जगण्याचीच शाश्वती उरली नाही. नाम घेतल्याने दुखणे टळले नव्हते. मात्र त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे की याच दुखण्यात ते नामस्मरणाकडे नव्या उत्कटतेने वळले. तोवर जे काही मिळवण्यासाठी होते, ते त्यानंतर स्वतःसाठीच प्रिय झाले.

दुखण्यातून उठल्यावर ते फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागले; काही काळ सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातही होते. १९१८ च्या आगेमागे मृत्यूने त्यांच्या घरावर घाला घातला आणि जिव्हाळ्याची माणसे थोड्या अवधीत गेली. प्रकृती पुन्हा ढासळली. १९२४ साली पुण्याची नोकरी सुटली आणि ते विजापूर जिल्ह्यातील निंबाळ या लहानशा खेड्यात येऊन राहिले. सोलापूर-विजापूर लोहमार्गावरचे हे साधे स्टेशन. भोवती कोरडे माळरान. ज्याच्या हातून नोकरी, आरोग्य आणि आप्त ही तिन्ही निसटली आहेत, असा अडतीस वर्षांचा मनुष्य अशा जागी खचून गेला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु याच काळातील परिश्रमातून उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा विख्यात इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. तो १९२६ साली प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञान विभागासाठी पाचारण केले. तेथे ते विभागप्रमुख झाले, पुढे कुलगुरूही झाले. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावरचा त्यांचा ग्रंथ १९३३ चा. १९४६ मध्ये निवृत्त होऊन ते निंबाळला परतले, आणि तेथेच ६ जून १९५७ रोजी त्यांचा देह पडला. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचे मंदिर आणि तुलनात्मक तत्त्वज्ञान व धर्म यांची अकादमी आज उभी आहे.

या चरित्रातून ध्यानाचा कोणता लाभ दिसतो? प्रकृती शेवटपर्यंत नाजूकच राहिली. आहार अगदी मोजका. वियोग टळले नाहीत. परंतु आघातानंतर पुन्हा उभे राहण्याची आणि हाती घेतलेले काम शेवटास नेण्याची जी शक्ती दिसते, तिचा झरा कोठे होता हे त्यांच्या दिनक्रमावरून कळते. ध्यानाच्या वेळा ठरलेल्या होत्या. बाकीचे सर्व, अध्यापन, लेखन, भेटीगाठी, त्या वेळांच्या भोवती बसवलेले होते. सामान्य माणूस कामातून वेळ उरला तर ध्यानाला देतो. त्यांनी ध्यानातून उरलेला वेळ कामाला दिला, आणि तरीही काम अनेकांपेक्षा अधिक झाले.

रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ऐकीव गोष्टीवर विसंबणारे नव्हते. ध्यानात येणाऱ्या अनुभवांची त्यांनी संतवाङ्मयाच्या आधारे बारकाईने छाननी केली. तेज दिसणे, नाद ऐकू येणे, रूपे दिसणे यांची नोंद त्यांनी केली; पण खरा अनुभव कोणता हे ठरवण्यासाठी त्यांनी आणखी कसोट्या लावल्या. तो अनुभव निरनिराळ्या देशांतील आणि काळांतील साधकांच्या अनुभवांशी जुळतो काय? त्याने बुद्धी निर्मळ होते काय? भावना उदात्त होते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने आचरण सुधारते काय? ही शेवटची कसोटी कोणालाही लावता येण्याजोगी आहे. ध्यानाला बसणाऱ्याला काय दिसले हे इतरांना पाहता येत नाही. तो उठल्यावर घरच्या माणसांशी कसा बोलतो, हे मात्र सर्वांना दिसते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. भाऊसाहेब महाराजांचे आणखी एक शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६). त्यांच्याकडे १९३३ साली मारुती शिवरामपंत कांबळी नावाचे एक गृहस्थ गेले. बालपण सिंधुदुर्गातील कांदळगावी गेलेले, शिक्षण बेताचे, पोटासाठी मुंबईत विडीचे दुकान. निपाणीच्या आसपासचा शेतकरी विडीसाठी जी तंबाखू पिकवतो, त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाच्या हातात जुडी देणारा हा मनुष्य. गुरूंनी त्यांना एकच सांगितले: ‘मी आहे’ ही जी जाणीव आहे, तिच्यावर लक्ष ठेव. कांबळींनी ते शब्द प्रमाण मानले आणि सवड सापडेल तेव्हा त्या जाणिवेपाशी बसण्याचा क्रम धरला. मध्यंतरी एकदा सर्व सोडून ते भटकंतीस निघाले होते. पण परत आले आणि पुन्हा संसारात व दुकानात बसले. हेच पुढे निसर्गदत्त महाराज झाले.

१९४२ ते १९४८ या काळात त्यांची पत्नी आणि मुलगी वारली. दुःखाने त्यांचे दार चुकवले नाही. पुढे खेतवाडीतील एका लहानशा माळ्यावर ते येईल त्याच्याशी मराठीत बोलत. ऐकणाऱ्यांत परदेशांतून आलेली माणसे वाढू लागली. मॉरिस फ्रीडमन यांनी ती संभाषणे इंग्रजीत आणली आणि १९७३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज तो ग्रंथ अनेक भाषांत वाचला जातो. शेवटी त्यांना घशाचा कर्करोग झाला. ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते गेले. परंतु दुखणे बळावत असतानाही, जोवर शब्द फुटत होता तोवर, आलेल्या माणसाला त्यांनी विन्मुख पाठवले नाही.

एक महापंडित, एक दुकानदार. एकाच्या हाती उपनिषदे, दुसऱ्याच्या हाती विड्यांची जुडी. दोघांनाही दुखणी आली, दोघांच्याही घरी मृत्यू आला. नेमाने यांतले काहीच अडवले नाही. पण जे आले त्याने ते मोडले नाहीत. ध्यानाचा जो लाभ निःशंकपणे सांगता येईल तो हाच: ध्यान संकटाला दारात थांबवत नाही, संकट आत आल्यावर माणसाला बसण्यापुरती जागा मात्र राखून ठेवते.

अर्थात ही मोठ्यांची गोष्ट झाली. ज्याला सकाळच्या गाडीने खानापूरहून बेळगावला कामावर जायचे आहे, जिला पहाटे चूल आणि गोठा सांभाळायचा आहे, त्यांचे काय? नेम धरणाऱ्या सामान्य साधकांचे अनुभवही विचारात घेण्यासारखे आहेत, आणि ते बहुधा एकमेकांशी जुळतात.

आरंभी कोणालाही शांती मिळत नाही. उलट मनाचा गोंगाट वाढल्यासारखा वाटतो. तो वाढलेला नसतो, पहिल्यांदाच ऐकू आलेला असतो. पाय अवघडतात, झोप येते, राहिलेली कामे नेमकी त्याच वेळी आठवतात. पुष्कळजण येथेच थांबतात आणि आपल्याला हे साधणार नाही असे ठरवून टाकतात. जे थांबत नाहीत, त्यांना काही महिन्यांनी बदल जाणवतो. तोही आसनावर नव्हे, व्यवहारात. राग येतो, पण राग आणि शब्द यांच्यामध्ये एक लहानशी फट पडू लागते, आणि त्या फटीत विचाराला शिरता येते. कोणी टोचून बोलले तर ते दिवसभर मनात घोळत नाही. हातातले काम करताना मन दुसऱ्या कामाकडे कमी धावते. आणि गंमत अशी की हा बदल साधकाच्या आधी त्याच्या घरच्यांच्या ध्यानात येतो.

खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कुंभाराला चाकाजवळ पाहिले असता या सर्व गोष्टीचा उलगडा होतो. मातीचा गोळा चाकावर ठेवल्याबरोबर भांडे होत नाही. आधी तो गोळा चाकाच्या नेमक्या मध्यावर आणावा लागतो. मध्य जरा चुकला तरी भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते आणि भांडे हेलकावे खाऊन बसते. काल मध्य साधला होता म्हणून आजच्या गोळ्याला तो आपोआप साधत नाही. प्रत्येक गोळा पुन्हा मध्यावर आणावाच लागतो. मात्र रोज आणणाऱ्याचा हात तयार होतो. मनाचेही तसेच. ते भटकणारच, त्याला न रागावता परत आणणे, हेच ध्यान. एका बैठकीत ते शंभर वेळा भटकले आणि शंभर वेळा परत आणले, तर ती बैठक फुकट गेली असे नव्हे, शंभर वेळा अभ्यास झाला असे समजावे. गीतेने चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. पतंजलींनी त्या अभ्यासाला दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक अशा अटी घातल्या. त्या अटींचे घरगुती मराठी भाषांतर ‘नेम’ असेच होईल.

आधुनिक वैद्यकाने या विषयात गेल्या अर्धशतकात लक्ष घातले आहे. अमेरिकेतील हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की एखाद्या शब्दाची शांतपणे पुनरावृत्ती करीत बसले असता श्वास मंदावतो, नाडी सावकाश चालते आणि शरीराचा ताण उतरतो. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा ध्यानाचा क्रम सुरू केला. त्यातही रोज घरी बसण्याची अट होती. २०१४ साली ४७ वैद्यकीय चाचण्या आणि ३,५१५ व्यक्ती यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत ध्यानाने अल्प ते मध्यम प्रमाणात उतार पडतो, असे त्यात आढळले. पण औषध किंवा व्यायाम यांसारख्या उपायांपेक्षा ध्यान वरचढ ठरते, असा पुरावा मिळाला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ साली २१ डिसेंबर हा दिवस जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. या मान्यतेचा आनंद मानावा. पण तिने हुरळून जाऊन ध्यानाच्या पदरी नसलेले गुण बांधू नयेत. क्षयाला क्षयाचे औषध हवे, मधुमेहाला पथ्य हवे. ज्याचे मन आजाराने ग्रासले आहे त्याने वैद्याचा सल्ला घेऊनच बसावे. कारण अशा स्थितीत एकट्याने दीर्घकाळ ध्यान केल्याने क्वचित त्रास वाढतोही.

मग आरंभ कसा करावा? जुने लोक सांगत ते आजही उपयोगी आहे. वेळ थोडी ठरवावी, पण ठरलेली मोडू नये. पहिल्या दिवशी दोन तास आणि चौथ्या दिवशी शून्य, यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे मोलाची. जागा शक्यतो एकच असावी. आलंबन साधे असावे. नाम असेल, श्वास असेल, ज्याची ज्यावर श्रद्धा. ज्याला देवाचे नाव घेणे रुचत नाही, त्याने नुसता श्वास पाहिला तरी मन आवरण्याचा अभ्यास होतो. भातलावणीच्या दिवसांत आसनावर बसणे अशक्य झाले, तर बांधावरून चालताना नाम घ्यावे. नेमाचे रूप बदलले तरी चालते, धागा तुटता कामा नये. आणि अनुभवांची वाट पाहू नये. बी पेरून रोज उकरून पाहणाऱ्याच्या शेतात रोप उगवत नाही, हे खानापूरच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

हिशेब घालायचाच असेल तर तो वर्षाने घालावा, आणि तोही सोप्या प्रश्नांनी. गेल्या वर्षीपेक्षा यंदा घरात आवाज कमी चढला काय? अपमान लवकर विसरता आला काय? दुःख आले तेव्हा दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याइतके भान राहिले काय? हाती घेतलेले काम पुरे झाले काय? या प्रश्नांना थोडेसे जरी होकारार्थी उत्तर मिळाले, तरी नेम फळाला येऊ लागला असे समजावे. हे फळ सावकाश पिकते. परंतु एकदा पिकले म्हणजे ते साधकाच्या एकट्याच्या पदरात राहत नाही, त्याच्या घरादाराला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याचा वाटा मिळतो.